धुकं नव्हतं, रोग्वी

हाम्राविक, १४ ऑगस्ट

रोग्वी,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फोन नुसता वाजू देता येतो, पत्र फाडावं लागतं. आणि तू आता राहतोस त्या बेटावर पत्रं वाटते हान्सीनामावशी, आपल्या आईची चुलतबहीण. ती पाकीट हातात देऊन दारातच उभी राहते, फोडेपर्यंत हलत नाही. तिच्यासमोर माझं पत्र फाडायची छाती तुझ्यात नाही. मावशी, तुम्ही याच्या खांद्यावरून वाचत असाल तर नमस्कार. गुडघा कसा आहे?

तू गेल्यापासून इथे सगळं छान आहे. घर मोठं वाटतं, पण त्यामुळे झाडायला सोपं जातं. तळमजल्यावरची तुझी खोली मी उघडलेली नाही. हवा खेळावी म्हणून अधूनमधून उघडते तेवढीच.

गाव माझ्याशी बोलत नाही असं तुझ्या कानावर आलं असेल. खोटं आहे. खूप बोलतं. परवा दुकानात एलिनला विचारलं, दूध आजचं आहे का? म्हणाली, "कालचं आहे बाई. तुझ्यापुढे खोटं बोलायची सोय नाही, तू डॉक्टरला जाऊन सांगशील." मागची रांग हसली. रांगेत आपला प्रशिक्षक डान्यलही होता. मासळीच्या कारखान्यात मुकादमकी करून करून त्याला माणसाशीही ओरडूनच बोलायची सवय लागली आहे. म्हणाला, "सोल्वाबाई, तुमच्या सत्यापायी आम्ही घरच्या मैदानावर सात गोल खाल्ले. तुमचं पोट भरलं ना?"

मी म्हटलं, "सात तुम्ही खाल्लेत, माझं कसं भरेल?"

या वेळी कोणी हसलं नाही. माझे विनोद आता गावात चालत नाहीत. इतरांचे चालतात.

जुलैत तू तिथल्या क्लबात खेळायला म्हणून दार आपटून गेलास तेव्हा माझं वाक्य अर्धंच झालं होतं. उरलेलं अर्धं लिहिते.

फेब्रुवारीत, हंगामाच्या आधी, डॉक्टर लेर्क सगळ्या खेळाडूंची डोक्याची परीक्षा घेते. पाच शब्द सांगायचे, थोड्या वेळाने परत विचारायचे, महिने उलटे म्हणायला लावायचे, एका पायावर उभं करायचं. पुढे कुणाच्या डोक्याला लागलं, की तीच परीक्षा पुन्हा. फेब्रुवारीपेक्षा वाईट आली तर मैदान बंद. नियम ठरवताना कोपनहेगनमध्ये हे फार शहाणपणाचं वाटलं असणार. तिथल्या लोकांना डान्यल माहीत नाही. त्याने तुम्हाला आदल्या संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत बसवून सांगितलं, "उद्या हुशारी दाखवायची नाही. उद्या जेवढे मठ्ठ दिसाल तेवढे वर्षभर खेळाल."

आणि तुम्ही दिसलात. संघाची औषधांची पिशवी सांभाळणारी म्हणून मी त्या खोलीत कोपऱ्यात बसले होते. गोलकीपर मोर्टनने महिने उलटे म्हणताना त्यात ख्रिसमस घातला. तू पाचांतले दोन शब्द सांगितलेस आणि तिसऱ्यासाठी इतका कष्टी चेहरा केलास की बिचाऱ्या लेर्कने तुला पाणी दिलं. नंतर हळूच मला विचारलं, "या गावात नात्यातच लग्नं होतात का हो?" मी मूग गिळून बसले. तोवर ती गंमत होती.

मग मे महिना. समोरच्या संघाच्या त्या केसाळ स्ट्रायकरचं डोकं आणि तुझं डोकं हवेत एकमेकांवर आपटलं, तो आवाज बाकावर माझ्यापर्यंत आला. तू पडलास, उठलास आणि आपल्याच गोलच्या दिशेने धावत निघालास. तिसऱ्या दिवशी लेर्कने परीक्षा घेतली. पाचांतले दोन शब्द. फेब्रुवारीत दोन, मे महिन्यात दोन. म्हणजे डोकं शाबूत. तिने सही केली.

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? ज्या माणसाच्या तोंडी दोनशे कडव्यांचा पोवाडा आहे, जो हातात हात धरून गात नाचायच्या साखळीनाचात पुढे राहून अख्खं गाव एका श्वासात नाचवतो, एक ओळ न गाळता, त्याला पाच शब्द आठवत नाहीत? मी लेर्ककडे गेले आणि एवढंच म्हणाले, "बाई, याला एकदा नाचात ऐका." ती मूर्ख नाही, फक्त डॅनिश आहे. तिने सगळ्यांच्याच परीक्षा रद्द केल्या आणि सगळ्यांना राजधानीत पाठवलं. बाकीचे परत आले. तू नापास झालास. तुम्ही राजधानीत होतात त्या रविवारी डान्यलने शाळेचा मुख्याध्यापक आणि स्वतःचा मेव्हणा मैदानात उतरवला. सात गोल त्यातले.

मोर्टनचं कळलं का? राजधानीत त्याने इतकी झकास परीक्षा दिली की बायको महिनाभर त्याच्याशी भांडते आहे. लग्नाचा वाढदिवस इतकी वर्षं विसरत होता तो कुठल्या डोक्याने, असं विचारते.

जेवतोस ना नीट?

सोल्वा


हाम्राविक, ५ सप्टेंबर

रोग्वी,

तुझं कार्ड मिळालं. समोर पफिन पक्षी, मागे चार शब्द: "डोकं माझं, निर्णय माझा." सही नाही, पण अक्षर तुझं. लाडाचा भाऊ असलास की शाई कमी वापरायची असते.

डोकं तुझं आहे, मान्य. पाय मोडला तर खेळायचं की नाही हे डोकं ठरवतं. डोकं मोडल्यावर कोण ठरवणार, पाय? जो न्यायाधीश, तोच आरोपी, आणि त्याच्याच कपाळाला टेंगूळ.

गावाचंही म्हणणं तुझ्यासारखंच आहे. एलिन म्हणते, समुद्रावर जाणाऱ्याला कोणी अडवतं का? मोर्टन म्हणतो, रोग्वी बाहेर बसला तर रोग्वी उरतोच किती? तो वाईट हेतूने बोलला नाही, आणि त्याचं अगदीच चूक आहे असंही नाही. हंगाम संपला की तू कसा होतोस ते मी पाहिलंय. सुतारकाम करतोस, मेंढ्या बघतोस, रविवारी खिडकीत उभा राहून रिकाम्या मैदानाकडे पाहत कॉफी गार करतोस. तेहतीस वर्षांच्या माणसाला 'आता पुरे' सांगायला मलाही जीभ उचलावी लागते. माझी जीभ हलकी आहे असं तुम्ही सगळे समजता.

पण मी वृद्धाश्रमात काम करते, रोग्वी. तिथे आपल्या क्लबचे तीन जुने बचावपटू आहेत. तिघेही चांगली माणसं. तिघेही रोज दुपारी स्वतःच्या खोलीचं दार शोधतात. त्यांच्या डोक्याचं कारण फुटबॉलच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. डॉक्टरही सांगत नाहीत. मी फक्त त्यांना दार दाखवते.

आणि दुसरी गोष्ट. ही मी लेर्कला सांगितलेली नाही, कुणालाच नाही. जूनमध्ये मेंढ्यांची लोकर उतरवायला आपण वरच्या कुरणात गेलो होतो. तुला वरच्या कड्यावरून मेंढ्या खाली हाकायच्या होत्या. आम्ही खाली वाट बघत राहिलो. मेंढ्या आल्या, कुत्रा आला, तू आला नाहीस. बऱ्याच वेळाने दुसऱ्याच बाजूच्या ओढ्यातून उतरलास, बूट भिजलेले. म्हणालास, "वर धुकं होतं."

सगळे "हो का" म्हणाले आणि कात्र्या चालवत राहिले. कुणी मान वर केली नाही. कारण मान वर केली असती तर कडा दिसला असता, त्यावरचा दगड न् दगड दिसला असता. धुकं नव्हतं, रोग्वी. त्या कुरणात तू चालायला लागल्यापासून फिरतोयस.

तू तेव्हा माझ्याकडे पाहिलंस आणि नजर काढून घेतलीस. त्या संध्याकाळी मी लेर्ककडे गेले. गावाला वाटतं मला नियमांचं प्रेम आहे.

वाऱ्यावर मुरवलेलं मटण बोटीने पाठवलंय. मावशींना अर्धं दे. अर्धं म्हणजे अर्धं.

सोल्वा


हाम्राविक, २३ सप्टेंबर

रोग्वी,

तुला कोणी सांगायच्या आत मीच सांगते. शनिवारी मी तुझ्या बेटावर आले होते. लोकर घ्यायला. ज्या देशात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, तिथे लोकर आणायला बोटीने दोन तास जाणारी बाई तुला विचित्र वाटेल. पण तुमच्याकडचा तपकिरी रंग चांगला असतो.

दुकान बंद होतं. बोट परतायला वेळ होता. गाडी कुठेतरी लावायची तर मैदानाजवळ लावली. मैदानाभोवती सगळ्यांच्या गाड्या आपल्याकडच्यासारख्याच, काचेतून सामना बघायला नाक आत करून. फरक इतकाच की तिथे माझ्या दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या. आपल्या मैदानावर हल्ली माझ्या गाडीच्या उजवीकडे एकीची जागा मोकळी राहते आणि डावीकडे दोघींची. तिथे उजवीकडच्या गाडीतल्या म्हातारबाने काच खाली करून मला सुकी मासळी दिली. "कुणाकडची गं तू?" मी म्हटलं, "कुणाकडचीच नाही, लोकर घ्यायला आलेय." "आज बंद असतं." "आता कळलं." मग आम्ही मासळी चावत बसलो. एवढा वेळ कुणाशेजारी बसून बरेच दिवस झाले होते.

तू चांगला खेळलास. हे लिहायला मला आवडत नाही. म्हाताराही म्हणाला, "तो नवा पाच नंबर बघ. असा वाऱ्यात चेंडूखाली जाणारा माणूस आमच्याकडे आजवर झाला नाही." कॉर्नरवरून तू डोक्याने गोल मारलास तेव्हा सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजले. माझाही वाजला. कोपर लागलं.

पण गोलनंतर सगळे तुझ्या अंगावर पडले, उठले, आपापल्या जागी गेले, आणि तू तिथेच उभा राहिलास. गुडघ्यांवर हात ठेवून. लांबून पाहणाऱ्याला दम लागलाय असं वाटावं. म्हाताऱ्याला तसंच वाटलं. मग तुझ्या कप्तानाने तुला दंडाला धरून वळवलं आणि कुठल्या बाजूला जायचं ते दाखवलं. तो हसत होता, तूही हसलास. त्याला ती तुझी मस्करी वाटली असणार.

तुमच्या क्लबात परीक्षा घेत नाहीत म्हणे. म्हाताऱ्याने अभिमानाने सांगितलं, "आमच्याकडे असलं काही नाही. उपचाराची पिशवी बसचा ड्रायव्हर धरतो. उठला तर बरा, नाही उठला तर बसमध्ये."

सामना संपल्यावर मी तुला भेटायला येणार होते. उतरलेही होते. तू त्या पोरांच्या घोळक्यात हसत चालला होतास, केस ओले, टोपी नाही. तेवढ्यात बोटीची वेळ झाली. बोटीची वेळ झालीच होती असं नाही. पण तुझ्या चेहऱ्यावरचं ते हसू मला पाहून कसं जातं, ते मी जुलैमध्ये एकदा बघितलंय.

डोक्यावर टोपी घाल.

सोल्वा


हाम्राविक, १० ऑक्टोबर

रोग्वी,

शेवटच्या फेरीत तुमचा संघ इथे येतोय. आम्ही हरलो तर खालच्या श्रेणीत जाणार, म्हणून डान्यल स्वतः माझ्या दारात आला. टोपी हातात. चर्चमध्येसुद्धा तो टोपी काढत नाही.

म्हणाला, "त्या दिवशी पिशवी घेऊन बाकावर येशील ना?"

"मी चहाडखोर आहे ना?"

"आहेस. पण पट्टी तूच नीट बांधतेस." मग दारातच घुटमळला. "तो आपल्या संघाविरुद्ध खेळणार. कसा आहे तो?"

"तुला कशाला हवंय?"

"मी त्याला आठ वर्षांचा असल्यापासून शिकवलंय, सोल्वा. डोक्याने चेंडू मारताना डोळे मिटायचे नाहीत, हे मीच शिकवलंय." एवढं बोलून तो गेला. मी कॉफी विचारली नाही आणि त्याला ती हवी होती.

तर मी बाकावर असेन. समोरच्या संघात तू असशील. मला एकच मागायचंय. त्या दिवशी येऊ नकोस. पोट दुखतंय म्हण. बोट लागली म्हण. मुरवलेलं मटण बाधलं म्हण, बहिणीने विष घातलं म्हण, गाव एका पायावर विश्वास ठेवेल.

उत्तर नको. फक्त येऊ नकोस.

सोल्वा


हाम्राविक, २९ ऑक्टोबर

रोग्वी,

मावशींचा निरोप मिळाला. तू त्यांच्याकडे आहेस, पडदे ओढून झोपतोस, पेज पितोस आणि उलट बोलत नाहीस. शेवटचं वाचून मला जास्त काळजी वाटली.

सामन्यात काय झालं ते तुला दहा जण दहा तऱ्हांनी सांगतील. मी त्या वेळी तुझ्या सगळ्यांत जवळ होते, म्हणून माझंही वाच.

दुसरा अर्धा भाग सुरू होता. आम्ही एका गोलने पुढे. वारा असा की आदल्या पेनल्टीला एकाला आडवं पडून बोटाने चेंडू धरून ठेवावा लागला होता. तुमचा कॉर्नर आला. तू वर उडालास, मोर्टन ठोसा मारायला बाहेर आला आणि चेंडू वाऱ्याने दोघांनाही चुकवून गेला. मोर्टनची मूठ तुझ्या कानाच्या वर बसली. तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. अजून त्याच हाताकडे बघतो, असं त्याची बायको म्हणते.

तुमचा ड्रायव्हर पिशवी घेऊन बसमध्ये झोपला होता. पंचाने आमच्या बाकाकडे हात केला. मी आले.

तू डोळे उघडलेस. मी नेहमीचे प्रश्न विचारले. कुठल्या मैदानावर आहोत? तुझ्या डोक्यावर आपला डोंगर होता, ज्याच्या पायथ्याशी आपण दोघं जन्मलो. तू त्याच्याकडे बघितलंस आणि तुमच्या बेटावरच्या मैदानाचं नाव सांगितलंस. पुढे कोण आहे? "आम्ही." गोल कोणी मारला? "मी." मी कोण? तू माझ्याकडे बघितलंस. "डॉक्टरबाई," म्हणालास.

तेवढ्यात तुमचा प्रशिक्षक येऊन ओरडायला लागला, "ही त्यांच्या संघाची आहे! तो ठीक आहे, उठव त्याला!" मी पंचाला म्हटलं, "याला काही कळत नाहीये. बाहेर." पंचाने तुमच्या बाकाकडे बघून बदली खेळाडूची खूण केली. तू वाद घातला नाहीस. माझ्या खांद्यावर हात टाकून चालत बाहेर आलास. एवढ्या सगळ्या गाड्या, एक हॉर्न वाजला नाही. डान्यलने त्याचा कोट तुझ्या अंगावर टाकला. मग रुग्णवाहिका, मग राजधानी. मला आत येऊ दिलं नाही, कारण तू नातेवाईक म्हणून मावशींचं नाव सांगितलं होतंस.

लेर्क काल घरी आली होती. राजधानीच्या डॉक्टरांनी तुला 'यापुढे फुटबॉल नाही' असं सांगितलं आणि तू फक्त मान हलवलीस म्हणे. आम्ही तो सामना जिंकलो. एलिनने आज ताजं दूध दिलं, न विचारता. परवा कोणीतरी माझ्या गाडीशेजारी गाडी लावली. हे मी मिरवायला लिहीत नाही. तुझं डोकं फुटल्याशिवाय मला शेजार मिळाला नाही, याची मला लाज वाटते.

आता खरं विचारायचं ते. म्हणून तर एवढी लांबण लावली.

आपल्याकडे कोणी स्वतःहून मैदान सोडत नाही. 'मला भीती वाटते, मला बाहेर न्या' असं म्हणणारा खेळाडू आपल्या गावात जन्मला नाही, आणि जन्मला तर गावाने त्याला बायकांबरोबर लोकर विंचरायला बसवलं असतं. बाहेर यायला एकच अब्रूचं दार आहे. प्रश्नांची उत्तरं चुकायची. चुकवायची कशी, ते तुम्हाला फेब्रुवारीत नीट शिकवलेलं आहे. मला वाटतं, तू तिथे पडल्यापडल्या घाबरलास, आणि मला पाहून ते दार उघडलंस. मला सगळं कळेल आणि तरी मी पंचाला तेच सांगेन, यावर भरवसा ठेवून. असं झालं असेल तर जुलैपासून तू माझ्याशी बोललेली ही पहिली गोष्ट.

किंवा असं काहीच नसेल. तुला खरंच डोंगर ओळखता आला नसेल. आणि मलाही ओळखलं नसशील.

लहानपणी तू खोटं बोललास की मला दारातूनच कळायचं. त्या दिवशी तुझ्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं, काही कळलं नाही. तेव्हापासून मी घरातून उठते, वृद्धाश्रमात जाते, तिघांना त्यांची दारं दाखवते, परत येते आणि तुझं "डॉक्टरबाई" ऐकत बसते. ते मस्करीत म्हटल्यासारखं ऐकते. मग तसं न म्हटल्यासारखं ऐकते.

मला एक ओळ पाठव. पफिनच्या कार्डावर चालेल, सही नको. 'खोटं बोललो,' एवढंच. मी कुणाला सांगणार नाही, लेर्कलाही नाही. गावभर सत्य सांगत फिरलेल्या तुझ्या बहिणीला आपल्या घरात एक खोटारडा असावा असं आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय.

आणि खोटं बोलला नसशील, तरीही तेच लिही.

सोल्वा